गंज आणि हळहळ

आमच्या परप्रांतस्थ मराठी अधिकारीवर्गाला एक सोयीचे व्यसन जडले आहे. त्या व्यसनाचे नाव हळहळ. १५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईच्या ‘बेस्ट’ची डिझेलवर चालणारी अखेरची दुमजली बस धावली आणि त्यानंतर दीड महिन्याने, ३० ऑक्टोबरपासून, प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. त्या दिवसांत दिल्लीपासून शिलाँगपर्यंत आणि भोपाळपासून चेन्नईपर्यंत बदलीवर गेलेल्या आमच्या बांधवांनी एकमेकांना जी छायाचित्रे पाठविली आणि त्यांखाली जे उसासे लिहिले, ते पाहून एखाद्या परक्यास वाटावे की जुन्या यंत्रावर इतके प्रेम करणारी जमात या देशात दुसरी नसेल.

या प्रेमाची परीक्षा आम्हांला अनायासे घेता आली. जबलपूर मुक्कामी आम्ही १९७२ साली नोंदलेली एक मॅटाडोर व्हॅन भंगाराच्या भावाने विकत घेऊन भाड्याच्या घराच्या अंगणात आणून उभी केली. एका बेकरीचे पाव ती कधीकाळी गावभर वाहत असे. पुढे कित्येक वर्षे चिंचेखाली उभी राहून तिच्या पत्र्याची चाळण झाली होती. रविवारी व सुटीच्या दिवशी आम्ही ती घासू लागलो. तेव्हा काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी ज्यांनी डोळे पुसले होते, त्याच स्नेह्यांनी आम्हांला एकमुखाने सल्ला दिला, “अहो, देऊन टाका की भंगारवाल्याला!” एकाने तर आमच्या कुटुंबाकडे आमच्या प्रकृतीची चौकशी केली.

आमचे म्हणणे हे की हळहळ आणि जतन या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. त्या एकमेकींच्या वैरिणी आहेत. जो हळहळतो त्याला आपण काही केले असे समाधान फुकटात मिळते, आणि ते मिळाले की हात हलविण्याची गरज उरत नाही. वस्तू जिवंत असताना तिच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही आणि ती गेल्यावर मात्र सुतक पाळायचे, अशी ही रीत आहे. तिच्याविरुद्ध आम्ही येथे लेखणी उचलली आहे.

प्रथम ही गाडी कोण, ते सांगितले पाहिजे. कारण तिची हेटाळणी करणाऱ्यांपैकी अनेकांना तिची कुळकथा ठाऊक नाही. बजाज टेंपो ही कंपनी १९५८ साली नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने जर्मनीतील टेंपो कारखान्याच्या सहकार्याने निघाली. आज तिला फोर्स मोटर्स हे नाव आहे. प्रथम तिच्या तीनचाकी गाड्या मुंबईत गोरेगावी बनत. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना आला आणि १९६९ पासून मॅटाडोर बनू लागली. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देण्याची तिची रचना होती. त्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा नाही, आणि म्हणून मागील तळ सपाट व जमिनीला जवळचा. दुधाच्या घागरी, भाजीच्या पाट्या, लग्नाचे वऱ्हाड, नाटक मंडळींचे सामान, सगळे तीत फारसे न उचलता चढविता येई. महाराष्ट्रातल्या निमशहरी जीवनाने कित्येक वर्षे जिच्या पाठीवर बसून प्रवास केला, ती ही गाडी. तिच्या नावाने कोणी उसासा टाकल्याचे आमच्या ऐकिवात नाही. टॅक्सी चित्रपटांत दिसली आणि बस पर्यटकांच्या छायाचित्रांत, म्हणून त्यांची आठवण शोभिवंत झाली. मॅटाडोर मात्र राबत राहिली. राबणाऱ्याची आठवण ठेवण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

आता गंजाविषयी. गंज म्हणजे लोखंडावर बसलेली धूळ, अशी पुष्कळांची समजूत असते, म्हणून ते वरून रंग फासून मोकळे होतात. वस्तुतः गंज हे खुद्द लोखंडच होय. हवेतील प्राणवायू आणि ओलावा यांच्याशी संयोग पावून रूप बदललेले. तांब्यावर किंवा अॅल्युमिनियमवर जो थर चढतो तो खालच्या धातूला चिकटून राहतो व त्याचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र व ठिसूळ असतो. मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापून तो फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खालचे कोरे लोखंड पुन्हा ओलाव्यापुढे उघडे पडते. गाडीच्या बाबतीत याहून कपटी गोष्ट ही की दाराखालची पोकळ पट्टी, चाकांवरील कमानी, काचेखालची खाच अशा जागी पाणी आत साचते आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरच्या रंगावर वाटाण्याएवढा फुगवटा दिसतो, त्या वेळी आत तळहाताएवढा भाग गेलेला असतो.

आमच्या मॅटाडोरची तपासणी वाहनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रींनी केली. जबलपूर हे तोफगाड्यांचे आणि लष्करी वाहनांचे गाव. येथे लोखंडाशी बोलणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात. मिस्त्रीजींनी हातोडीने गाडीवर बोटभर अंतराने टकटक करीत फेरी मारली. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला दबका आवाज देतो. मग त्यांनी खिशातून एक लोहचुंबक काढून चाकाच्या कमानीवर लावले. ते चिकटेना. तेथे पत्राच नव्हता. कोणा पूर्वसूरीने भोकात वर्तमानपत्रे कोंबून त्यावर लांबी फासली होती आणि वरून झकास रंग मारला होता. “बाबूजी,” ते म्हणाले, “गाड़ी को ज़ंग ने कम खाया है, पुट्टी ने ज़्यादा।” हे त्यांचे वाक्य आम्ही आमच्या हळहळणाऱ्या बांधवांस सादर अर्पण करतो. रंगारी जिला लांबी म्हणतात ती भोक झाकते, पण स्वतः ओलावा धरून ठेवते आणि आतले कुजणे डोळ्यांआड करते. हळहळीचा धर्मही नेमका हाच. ती पोकळी सुंदर दिसेल अशी झाकते.

आमच्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांचा आता क्रमाने समाचार घेऊ.

पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा. पदवीधर मनुष्याने, केंद्र सरकारच्या नोकराने, शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत गाडीखाली आडवे पडून ग्रीसने हात काळे करावेत हे शोभत नाही, असे आम्हांला सांगण्यात आले. हे सांगणारे गृहस्थ दरवर्षी खंडेनवमीला घरातील अवजारांची पूजा करतात आणि दसऱ्याला मोटारीस झेंडूची माळ घालतात. त्यांची अवजारे म्हणजे एक हातोडी आणि एक पक्कड, दोन्ही वर्षातून एकदाच हळदकुंकवाचा लाभ घेण्यापुरती पेटीबाहेर येणारी. ज्या अवजाराला वर्षभर हात लावायची लाज वाटते त्याच्यापुढे एक दिवस हात जोडायचे, हा धर्म कोणता? लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव मराठी सभांतून मोठ्या अभिमानाने घेतले जाते. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. आणि किर्लोस्कर बंधूंनी १८८८ साली बेळगावात जे दुकान थाटले ते सायकलींचे होते. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी पुढे आली; आरंभ सायकलींनी झाला. त्या काळच्या पांढरपेशा बेळगावकरांनी त्यांना काय सल्ला दिला असेल, याची कल्पना आम्ही आमच्या अनुभवावरून करू शकतो.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. गाडीवर खर्चलेला पैसा परत येणार नाही, असे आमच्या कचेरीतील मित्र म्हणतात. आम्ही स्वतः आकडेमोडीवर पोट भरणारे, तेव्हा हा हिशेब आम्हांलाही येतो. पैसा परत येणार नाही हे खरेच आहे. पण मुलाच्या मुंजीचा पैसा परत येतो काय? सहकुटुंब केलेल्या काश्मीरच्या प्रवासाचा येतो काय? घरात दर चार वर्षांनी भिंतीवरचा दूरचित्रवाणी संच बदलतो, त्याचा हिशेब कोणी मागत नाही. विकत घेण्याचा खर्च आपल्या वर्गाला खर्च वाटत नाही. दुरुस्तीचा मात्र उधळपट्टी वाटतो. आमच्या घरी तर उलट जमाही झाली आहे. आमची दहा वर्षांची कन्या आता कोणत्या नटाला कोणता पान्हा लागेल हे पाहून सांगते. धुण्याचा सोडा विरघळविलेल्या पाण्यात गंजका कब्जा बुडवून त्याला बॅटरी चार्जरची ऋण तार आणि समोरच्या टाकाऊ लोखंडी पट्टीला धन तार जोडली की गंज सुटू लागतो, हे तिने शाळेत शिकण्यापूर्वी अंगणात पाहिले. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि ठिणगीपासून दूर करायचे; समोरची पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही घ्यायची नाही, कारण तीतील क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरते; जुना रंग कोरडा घासायचा नाही, कारण त्यात शिसे असू शकते. ही सावधगिरीही शिक्षणच आहे.

तिसरा आक्षेप पर्यावरणाचा, आणि तो आम्ही आदराने ऐकतो. जुने डिझेल इंजिन धूर ओकते, यात वाद नाही. १३ ऑगस्ट २०२१ रोजी देशात वाहने मोडीत काढण्याचे धोरण सुरू झाले, आणि १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आली. रोज शहरात धुराचे लोट सोडीत फिरणारी खटारा गाडी रस्त्यावरून हटावी, हे आम्हांलाही मान्य आहे. आम्ही आमची व्हॅन कचेरीत नेणार नाही व बाजारातही नेणार नाही. आमचा वाद मोडीत काढण्याशी नसून ‘भंगार’ हा शब्द किती सहज जिभेवर येतो त्याच्याशी आहे. लाखो गाड्या वितळाव्यात. परंतु एका प्रकारच्या चार-दोन गाड्याही कोणी राखू नयेत, हा आग्रह पर्यावरणाचा नव्हे, आळसाचा आहे.

येथे नियमांविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. नियमांवर टीका करणे आमच्या अधिकारात नाही. नियम वाचणे हा मात्र आमचा पेशाच आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऐतिहासिक वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली. ५० वर्षांहून जुने वाहन मूळ रूपात राखले असेल तर त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये. आणि ते रस्त्यावर आणायचे ते प्रदर्शन, संशोधन, शर्यत-मेळावा, इंधन भरणे व देखभाल एवढ्यापुरतेच. तरतूद चांगली आहे. परंतु तीत जे वर्ग नमूद आहेत ते दुचाकींचे आणि प्रवासी मोटारींचे. माल वाहणारी व्हॅन त्या वर्गांत बसत नाही. राजेसाहेबांची मोटार इतिहास ठरते. त्यांच्या घरी पाव पोचविणारी गाडी ठरत नाही. नियम करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. ज्या वस्तूची किंमत समाजच करीत नाही ती नियमात कोठून येणार? व्हॅनसाठी कोणी अर्ज केला नसेल, निवेदन दिले नसेल, सूचना धाडली नसेल. हळहळणाऱ्यांपैकी शंभर जणांनी उसाशाऐवजी एकेक पत्र लिहिले असते तर कदाचित तो वर्गही नमूद झाला असता. कागदाचे सामर्थ्य आमच्या वाचकांना आम्ही शिकवावे असे नाही.

याच नियमात असेही आहे की सांगाडा, वरचा साचा किंवा इंजिन यांत फेरफार करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. आमच्या श्रीमंत संग्राहकांनी हे कलम रोज एकदा वाचावे. त्यांच्या गाड्या आम्ही प्रदर्शनांतून पाहिल्या आहेत. जुने आसन काढून पांढरे चामडे, जुने इंजिन काढून परदेशी इंजिन, आणि रंग असा की त्यात तोंड पाहून दाढी करावी. जुन्या गाडीचा अशा रीतीने केलेला सत्कार आणि जुनी गाडी मोडीत काढणे यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत जुने तेवढे जाते. आमच्या व्हॅनच्या मागच्या दारावर बेकरीच्या नावाची पुसट अक्षरे आहेत. तेवढा चौकोन आम्ही घासलेला नाही. पत्रा जेथे कुजला तेथेच तो कापायचा, त्याच जाडीचा, त्याच वळणाचा तुकडा हाताने ठोकून बसवायचा आणि जोडायचा. जेथे अजून जीव आहे तेथे फॉस्फोरिक आम्लाचा हात द्यायचा. आणि पोकळ पट्ट्यांत आतून मेण फवारायचे, एवढेच आमचे शास्त्र. फॉस्फोरिक आम्ल गंजाचे रूपांतर लोखंडाच्या फॉस्फेटात करते, व तो थर खालच्या धातूला आसरा देतो. दिल्लीस नोकरी केलेल्या वाचकांनी मेहरौलीचा लोहस्तंभ पाहिला असेल. सुमारे १६०० वर्षांचा तो स्तंभ उघड्यावर टिकून आहे, त्याचे कारण त्याच्या लोखंडातील फॉस्फरसाचे मोठे प्रमाण व त्यामुळे पृष्ठभागावर जमलेला पातळ संरक्षक थर हे होय, असे कानपूरच्या आय. आय. टी.तील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. त्या स्तंभाजवळ उभे राहून आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांपैकी आपल्या घराचे लोखंडी फाटक वेळेवर घासणारे किती निघतील?

चौथा आक्षेप आमच्या वर्गाच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून तो शेवटी घेतला. “तुमची बदलीची नोकरी. उद्या हुकूम आला की ही गाडी कोठे घेऊन जाल?” हा प्रश्न आम्हांला अनेकांनी केला आणि तो खोटा नाही. पुढच्या वर्षी आमची येथील मुदत संपते. दोन्ही बाजूंच्या कमानी झाल्या आहेत, तळाचा अर्धा पत्रा झाला आहे, इंजिन अजून पेटीत आहे. काम पुरे होण्यापूर्वी आम्ही जबलपूर सोडू, हा संभव मोठा आहे.

परंतु या प्रश्नामागे जी वृत्ती आहे ती तपासून पाहा. “आपण येथे तीन वर्षांचे पाहुणे,” असे म्हणत आपला वर्ग आयुष्य काढतो. गळका नळ गळू देतो, कारण घर सरकारचे. अंगणात आंबा लावत नाही, कारण फळ दुसरा खाणार. शेजाऱ्याची भाषा शिकत नाही, कारण बदली होणार. गावातल्या मराठी मंडळाचे वाचनालय वाळवी खाते, ते खाऊ देतो, कारण कार्यकारिणी पुढच्या वर्षी बदलणार. आणि तीस-पस्तीस वर्षे अशी पाहुणचारात घालवून निवृत्तीनंतर पुण्यास परतला की ज्या गावांना त्याने एक खिळादेखील दिला नाही, त्या गावांविषयी हळहळू लागतो! गंजाला आणखी काय हवे असते? जेथे कोणी स्वतःला धनी समजत नाही तेथे तो सुखाने नांदतो.

कारकुनाला तरी हा युक्तिवाद शोभत नाही. आमची सारी कचेरी चालते ती एकाने अर्धवट ठेवलेले काम दुसऱ्याने पुढे नेण्यावर. फायलीवर टिपण नीट असेल तर नवा मनुष्य पहिल्या दिवशी काम उचलतो. व्हॅनचेही आम्ही तसेच केले आहे. काढलेल्या प्रत्येक नटाला डबी, डबीवर क्रमांक, क्रमांकापुढे नोंदवहीत जागा, माप आणि छायाचित्र. कोठला पत्रा केव्हा कापला, कोणत्या जाडीचा घातला, काय करावयाचे उरले, सर्व त्या वहीत आहे. आमच्यानंतर ती वही आणि ती गाडी कोणाकडे जाईल हे आम्ही ठरविलेही आहे. तार कचेरीतून निवृत्त झालेल्या आमच्या घरमालकांचा मुलगा गेले सहा महिने रविवारी आमच्याबरोबर पत्रा ठोकतो. तो मराठी नाही. गाडी महाराष्ट्रात बनली, मध्य प्रदेशात राबली आणि त्याच्या हातून पुन्हा उभी राहील, यात आम्हांला काहीच उणे वाटत नाही. आंबा लावणाऱ्याने फळाचा हिशेब मांडू नये, असे आपलेच जुने लोक मानीत आले.

म्हणून आमची परप्रांतस्थ बांधवांस सूचना साधी आहे. गावोगावच्या मराठी मंडळांतून गणेशोत्सवाच्या मखराचे सामान ठेवायला एक खोली असते. वर्षातील दहा-अकरा दिवस सोडले तर ती बंद असते. त्या खोलीत एक मजबूत टेबल, एक व्हाइस, पान्ह्यांचा एक संच, दोन कानशी आणि एक ड्रिल ठेवावे. महिन्यातून एका रविवारी गावातला एखादा मिस्त्री सन्मानाने बोलवावा, त्याला खुर्ची द्यावी, योग्य मानधन द्यावे आणि मुलांनी व आईबापांनी त्याच्याकडून शिकावे. प्रत्येकाने मॅटाडोरच आणावी असे नाही. आजोबांची सायकल, आईचे शिवणयंत्र, पितळी स्टोव्ह, बंद पडलेला रेडिओ, जे घरात माळ्यावर पडले असेल ते आणावे. ज्यांना यांतले काही जमत नाही त्यांनी निदान मालवाहू जुन्या गाड्यांना नियमात स्थान मिळावे असे एक निवेदन लिहावे. मसुदा हवा असल्यास आम्ही आनंदाने देऊ.

आणि ज्यांना हेही नको असेल त्यांच्याजवळ आमचे एकच मागणे आहे. पुढच्या वेळी एखादी बस, टॅक्सी वा आगगाडी निवृत्त होईल तेव्हा त्यांनी तिचे छायाचित्र आम्हांस पाठवू नये. रविवारी आमचे हात ग्रीसने भरलेले असतात. उत्तर देणे होत नाही.